इलिनॉयच्या काठाकाठानं

इलिनॉयमध्ये बघायला काही नाही, असं इलिनॉयमध्ये राहणारेच सांगतात. शिकागो मागं पडलं की मका, सोयाबीन, पुन्हा मका. रस्ता सरळ, आभाळ अफाट आणि अधूनमधून धान्याची उंच पत्र्याची कोठारं. मेमोरियल डेच्या जोडसुट्टीत कुठं जायचं यावर नेपरव्हिलला माझी भाची मुक्ता हिच्या घरी खल चालला होता. मुलांना रोलर कोस्टर हवा होता, भाचजावयाला झोप. मुक्तानं माझ्याकडं बघितलं तेव्हा मी म्हटलं, ‘‘इथली नदी कुठून कुठं जाते ते बघू या.’’ मला पहिला पाठिंबा मिळाला तो मुक्ताच्या सासूबाईंचा, माईंचा. मी वाईची आणि माईंचं सासर कराडचं. दोघी कृष्णाकाठच्या. नदी म्हटल्यावर आमचं जमायला वेळ लागला नाही.

नेपरव्हिलमधून ड्यूपेज नदीचा पश्चिमेकडचा फाटा वाहतो. त्याच्या काठानं १९८१ साली, गावाला दीडशे वर्षं झाली म्हणून, गावकऱ्यांनी विटांचा फिरायचा रस्ता बांधला. विटांवर देणगीदारांची नावं आहेत. माईंनी पुलावरून खाली डोकावून निकाल दिला, ‘‘ही नदी कसली? ओढा आहे.’’ ओढा तर ओढा. पण तो पुढं डेस प्लेन्स नदीला मिळतो, डेस प्लेन्स कँकाकीला मिळते आणि या दोघींच्या संगमापासून पुढं जी वाहते ती इलिनॉय नदी. तिथून २७३ मैल, म्हणजे सुमारे ४४० किलोमीटर जाऊन ती मिसिसिपीत विसर्जित होते. या सगळ्या पाण्याच्या काठानं राज्य सरकारची उद्यानं आहेत, आणि इलिनॉयमध्ये राज्य उद्यानात शिरायला तिकीट नाही.

आधी दक्षिणेला कँकाकीकडं वळलो. कँकाकी रिव्हर स्टेट पार्क नदीच्या दोन्ही काठांनी ११ मैल पसरलं आहे, क्षेत्र सुमारे ४,००० एकर. १९३८ मध्ये शिकागोच्या एथेल स्टर्जेस डमर या बाईंनी ३५ एकर जमीन दिली, तिथून सुरुवात झाली. पुढं १९५६ मध्ये एका वीज कंपनीनं आपली मोठी जमीन त्यात घातली. जमीन दान करायची म्हणजे देवळाला किंवा शाळेला, ही आपली सवय. लोकांनी झाडाखाली बसावं, गळ टाकावा, मुलांनी चिखलात खेळावं, यासाठी कुणी जमीन दिली हे ऐकून माई जरा थबकल्या.

नदी उथळ आणि रुंद. कमरेएवढ्या पाण्यात रबरी विजारी घातलेले लोक तासन्‌तास गळ टाकून उभे. एकाला हातभर नव्हे, पण वीतभराहून बराच मोठा बास मासा लागला. त्यानं तो ओल्या हातात अलगद धरला, गळ सोडवला, बायकोला फोटो काढायला लावला आणि मासा परत पाण्यात सोडला. माईंना हे अजिबात पटलं नाही. ‘‘सोडायचाच होता तर धरला कशाला? त्याच्या तोंडाला भोक पाडून काय मिळवलं?’’ मी तो प्रश्न इंग्रजीत विचारायचं टाळलं, पण मला त्याचं उत्तर आजही सुचलेलं नाही.

रॉक क्रीक नावाचा ओढा इथं चुनखडीच्या कपारींमधून येऊन कँकाकीला मिळतो. त्याच्या काठच्या पायवाटेवर एक मोठा धोंडा आहे, पोटावाटोमी या इथल्या मूळ लोकांचा मुखिया शॉवॉनासी याच्या स्मरणार्थ. या ओढ्याकाठी त्याच्या लोकांचं गाव होतं. १८३२ च्या तहानं त्यांच्या जमिनी गेल्या आणि ते दशक संपता संपता बहुतेक पोटावाटोमींना मिसिसिपीच्या पलीकडं जावं लागलं. मोकळी हवा, मोफत प्रवेश, लांबच लांब हिरवळ हे सगळं अनुभवताना हा धोंडा डोळ्यांआड करता येत नाही. सर्वांसाठी खुल्या असलेल्या जमिनीवर आधी कोण राहत होतं, हे तो विचारत उभा असतो.

दुपारी जेवायला बसलो ती जागाही बघण्यासारखी. प्रत्येक टेबलाशेजारी जमिनीत रोवलेली लोखंडी शेगडी. कोळसा आपला आपण आणायचा. शेजारी एक मेक्सिकन कुटुंब, आजीपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळे. मांसाच्या पातळ चकत्या शेगडीवर चरचरत होत्या, सोबत कांद्याच्या पातीच्या जुड्या अख्ख्याच्या अख्ख्या भाजल्या जात होत्या. त्यांच्या आजीनं मक्याच्या टॉर्टिया थेट जाळीवर टाकल्या आणि बोटांनी उलटल्या. माईंनी ते बघितलं. चिमटा न वापरता भाकरी उलटणारी बाई दिसली की कराडच्या बाईला ओळख लागत नाही. माईंचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी त्या टेबलावर गेली, तिकडून भाजलेली पात आणि लिंबाच्या फोडी आल्या. दोन्ही आज्यांना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. चटणी तिखट लागली का, हे विचारायला भाषा लागतही नाही.

तिथून संगमाकडं निघालो. माईंच्या मनात संगम म्हणजे प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना समोरासमोरून येऊन भेटतात, काठावर यशवंतरावांची समाधी, बाग, भेळेच्या गाड्या. इथं कँकाकी आणि डेस प्लेन्स भेटतात तिथं ना देऊळ, ना घाट, ना भेळ. आहे ते ड्रेस्डन अणुवीज केंद्र. त्यातली पहिली अणुभट्टी १९६० ची, खासगी पैशातून उभारलेली अमेरिकेतली पहिली. ती जनरल इलेक्ट्रिकनं बांधलेली, उकळत्या पाण्याच्या प्रकारातली. आपल्या तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या. इलिनॉय नदीचा जन्म आणि ठाणे-पालघरच्या किनाऱ्यावरची वीज यांचा असा संबंध असेल, असं घरून निघताना कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. माईंनी मात्र संगमाला मनोभावे हात जोडले. केंद्र असो वा देऊळ, दोन नद्या भेटतात म्हटल्यावर नमस्कार करायचा.

संगमापासून पुढं नदीला समांतर एक जुना कालवा जातो. इलिनॉय-मिशिगन कालवा, शिकागो ते लासाल, ९६ मैल. १८३६ ला काम सुरू झालं, १८४८ ला पाणी आणि होड्या सुटल्या. खोदणारे बहुतेक आयरिश मजूर, कुदळ-फावड्यानं. होड्या ओढायला काठावरून खेचरं चालत. त्याच वर्षात शिकागोत रेल्वे सुरू झाली आणि कालव्याचं महत्त्व ओसरत गेलं. १९३३ मध्ये तो वाहतुकीला बंद झाला. आपल्याकडं असा कालवा बंद पडला असता तर त्याचं काय झालं असतं, हे सांगायची गरज नाही. इथंही काही ठिकाणी तो बुजला. पण बराच भाग राखला गेला आणि १९८४ मध्ये त्याला देशातला पहिला राष्ट्रीय वारसापट्टा म्हणून मान्यता मिळाली. खेचरांची वाट आता सायकलींची आणि चालणाऱ्यांची आहे.

मॉरिस गावाशी गेबहार्ड वुड्स नावाच्या लहानशा उद्यानात आम्ही त्या वाटेवर चाललो. वर ओक आणि अक्रोडाची सावली, एका बाजूला शेवाळलेला संथ कालवा, त्यात ओंडक्यावर ओळीनं ऊन खात बसलेली कासवं. मागून सायकल आली की स्वार आधीच घंटी वाजवतो, ‘डावीकडून येतोय’ असं ओरडून सांगतो आणि पुढं गेल्यावर आभारही मानतो. समोरून येणारा प्रत्येक जण नजरेला नजर देऊन ‘हाय’ म्हणतो. माई पहिल्यांदा प्रत्येकाला ‘राम राम’ म्हणत होत्या. नंतर त्यांनी हिशेब केला, इतक्या लोकांना राम राम घालायचा तर चालणार कधी? मग त्या नुसती मान हलवू लागल्या. ओळख नसलेल्या माणसाची वाटेत दखल घेण्याची ही रीत आपल्या वारीच्या वाटेवर असते, शहराच्या पदपथावर नसते.

ऑटावा गावात फॉक्स नदी इलिनॉयला मिळते. गावाच्या चौकात २१ ऑगस्ट १८५८ रोजी लिंकन आणि डग्लस यांच्या गाजलेल्या सात वादसभांपैकी पहिली झाली. याच गावात घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगानं रंगवणाऱ्या मुली कामाला होत्या. ब्रश ओठांत धरून टोक काढायला त्यांना शिकवलं होतं, त्यातून कित्येकींना कर्करोग झाला. त्यांच्या नावानं २०११ मध्ये इथं एका मुलीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. हातात ब्रश आहे. पुतळ्याजवळ कुणीतरी ताजी फुलं ठेवली होती.

ऑटावाच्या पश्चिमेला बफेलो रॉक. नदीकाठचा उंच पठारी सुळका, कधीकाळी नदीतलं बेट. इथं उघडी कोळसा-खाण होती. खाण सोडून गेलेल्यांनी मागं उजाड माती ठेवली, तिच्यातून आम्लाचं पाणी झिरपायचं. १९८३ ते १९८५ या काळात शिल्पकार मायकेल हायझर यानं त्याच खराब मातीचे पाच प्रचंड प्राणी केले: बेडूक, पाणकीटक, मांजरमासा, कासव आणि साप. या भागातले मूळ रहिवासी मातीची प्राण्यांच्या आकाराची टेकाडं रचत, त्याची ही आठवण. गंमत अशी की जमिनीवरून हे प्राणी ओळखू येत नाहीत. आम्ही कासवाच्या पाठीवरून चाललो आणि फलक वाचल्यावर आम्हाला ते कळलं. खाली कुंपणात काही अमेरिकन गवे (बायसन) पाळलेले आहेत. त्यांतला एक ओल्या मातीत लोळून उठला आणि अंगावरची माती झटकली, तेव्हा मुलांनी रोलर कोस्टरची तक्रार पहिल्यांदा थांबवली.

त्याच्या पुढं, नदीच्या दक्षिण काठावर, स्टार्व्ह्ड रॉक. इलिनॉयमधलं सगळ्यांत गर्दीचं राज्य उद्यान. वर्षाला २० लाखांहून जास्त माणसं येतात. गाड्यांचे तळ भरले की फाटक बंद होतं, म्हणून शिकागोचे लोक भल्या सकाळी निघतात. वाहनतळावर मराठी दोनदा कानावर पडली, गुजराती आणि तेलुगू तर सारखी. एका गाडीच्या डिकीत प्रेशर कुकर होता.

इथली मजा वालुकाश्माच्या घळींमध्ये आहे. अशा १८ घळी. हिमयुग सरताना कँकाकीतून वितळलेल्या बर्फाच्या पाण्याचा प्रचंड लोंढा आला, त्यानं ही दरी कोरली आणि मग लहान ओढ्यांनी घळी पाडल्या. आपल्या सह्याद्रीचा खडक काळा, कठीण, त्यात लेणी कोरायची तर पिढ्या जातात. इथला खडक पिवळट, भगवा, कुठं गुलाबी. फ्रेंच कॅन्यनच्या भिंतीवर मी बोट फिरवलं तर बोटावर साखरेसारखे चमकणारे कण आले. प्रत्येक कण गोल, स्वच्छ. हीच वाळू आसपासच्या खाणींतून काढून काचेला वापरतात, आणि सिमेंटची ताकद तपासायला अमेरिकेत जी प्रमाण वाळू लागते तीही ऑटावाचीच.

खडक असा मऊ असल्यामुळं नावं कोरणाऱ्यांचं फावतं. भिंतीवर बदाम, बाण, नावं, साल. सिंहगडावर आणि अजिंक्यताऱ्यावर जे बघून आपण ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ म्हणतो, ते इथं जसंच्या तसं. शिस्त हा वंशाचा गुण नाही, हे मला त्या भिंतीवर कळलं. शिस्त असते ती लाकडी पायऱ्यांमध्ये आणि कठड्यांमध्ये, जिथं माणसाला वाट सोडून जायला जरा तरी कष्ट पडतात. तरीही वाट सोडणारे असतातच, आणि कड्यावरून पडून इथं माणसं मेलेलीही आहेत.

वाइल्डकॅट कॅन्यनमध्ये धबधबा सुमारे ८० फुटांवरून पडत होता. ठोसेघर बघितलेल्या माणसाला त्यात विशेष वाटायचं कारण नाही. मला विशेष वाटलं ते धबधब्याखालच्या लोकांचं. कुणी गाणी लावली नव्हती, कुणी पाण्यात उतरत नव्हतं, आणि तरी कुणी गप्पही नव्हतं. पोलिश आजोबा नातीला काहीतरी समजावत होते, हिजाब घातलेल्या दोघी बहिणी एकमेकींचे फोटो काढत होत्या, कुत्री आपापल्या साखळीत. पाण्यात उतरायला बंदी आहे, अशी पाटी होती. माईंनी ती वाचून घेतली आणि विचारलं, ‘‘मग नदीवर येऊन करायचं काय?’’

उद्यानाला ज्याचं नाव आहे तो मूळ सुळका नदीच्या काठाशी १२५ फूट सरळ उभा आहे. १६७३ मध्ये मार्क्वेट आणि जोलिए हे फ्रेंच प्रवासी इथून गेले तेव्हा समोरच्या काठावर कास्कास्किया लोकांचं मोठं गाव होतं. १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल आणि तोंती यांनी सुळक्यावर किल्ला बांधला. नावामागची कथा अशी सांगतात की १७६० च्या दशकात पाँटिॲक या ऑटावा जमातीच्या मुखियाचा खून इलिनॉय समूहातल्या माणसानं केला, त्याचा सूड म्हणून ऑटावा आणि पोटावाटोमींनी इलिनॉय लोकांना या सुळक्यावर कोंडलं आणि उपाशी मारलं. याला भक्कम पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. पण कथा राहिली, नाव राहिलं. पुढं इथं हॉटेल आणि नाचघर असलेलं खासगी विश्रामस्थळ होतं. १९११ मध्ये राज्यानं ते विकत घेतलं.

होड्या पाण्यात सोडायच्या उतारावर माई थांबल्या. बूट-मोजे काढायला लागल्या तशी मुक्ता धावली, ‘‘आई, नको हं, पाण्यात जायचं नाही.’’ ‘‘जात न्हाई,’’ म्हणून माई खाली बसल्या, दोन बोटं पाण्यात बुडवली, डोळ्यांना लावली, कपाळाला लावली. होडी उतरवणारा एक धिप्पाड माणूस काम टाकून जवळ आला आणि फार अदबीनं विचारू लागला, ‘‘तुमचं काही पडलं का पाण्यात?’’ मुक्तानं कसंबसं समजावलं. तो मान डोलावून म्हणाला की त्याची आजीही काही गोष्टींना असाच हात लावायची, पण हे पाणी डोळ्यांना लावू नका, शिकागोहून येतं.

हे खरं आहे. शिकागो नदी पूर्वी मिशिगन सरोवराला मिळायची आणि शहराची घाण पिण्याच्याच पाण्यात जायची. म्हणून कालवा खोदून जानेवारी १९०० मध्ये नदीची दिशा उलटी केली. शहराची घाण डेस प्लेन्समार्गे इलिनॉयकडं, तिथून मिसिसिपीकडं वळली. मिसिसिपीकाठच्या मिसुरी राज्यानं दावा लावला आणि १९०६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ते हरलं. पुढं सांडपाणी शुद्ध करणारी केंद्रं आली, १९७२ चा जलप्रदूषणाचा केंद्रीय कायदा आला, मासे परतले. आपला कायदा फार मागं नाही, १९७४ चा आहे. दोन वर्षांच्या अंतराचे दोन कायदे, आणि पंचगंगा कुठं आहे ते आपण बघतो. मी हे सगळं माईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘‘नेपरव्हिलचं बी हितंच येतंय न्हवं? मग आपलंच की. आपल्याच घरचं पाणी, त्याला काय विटाळ.’’

समोरच्या धरणाच्या दारांखाली पांढरे पेलिकन पाण्यावर तरंगत मासे टिपत होते. हिवाळ्यात इथं गरुड जमतात, कारण सगळीकडं बर्फ झालं तरी दारांखालचं पाणी गोठत नाही.

स्टार्व्ह्ड रॉकपासून थोड्या अंतरावर मॅथिसन स्टेट पार्क आहे, व्हर्मिलियन या उपनदीच्या बाजूला. तिथं गर्दी कमी आणि घळी तितक्याच देखण्या. लासालच्या फ्रेडरिक मॅथिसन या जस्ताच्या कारखानदाराची ही खासगी बाग होती. त्यानं पूल बांधले, पायऱ्या बांधल्या. त्याच्या मागं वारसांनी ती राज्याला देऊन टाकली. मॅथिसनचा भागीदार एडवर्ड हेगेलर. त्याचा जावई पॉल केरस. १८९३ च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेनंतर, जिथं विवेकानंद बोलले त्याच परिषदेनंतर, हा केरस लासालसारख्या कारखान्यांच्या गावात बसून बौद्ध धर्मावर पुस्तकं लिहीत आणि छापत होता. झेन पश्चिमेला पोहोचवणारे डी. टी. सुझुकी १८९७ पासून अकरा वर्षं त्याच्याकडं कामाला होते. जस्ताच्या पैशातून एकीकडं धबधब्याची बाग झाली आणि दुसरीकडं धर्मचर्चेचा छापखाना. हेगेलरांचा तो वाडा आज बघता येतो.

पुढं नदी दक्षिणेला वळते आणि पसरते. पिओरिया गावाशी ती तळ्याएवढी रुंद आहे. ज्या पिओरिया लोकांवरून हे नाव आलं त्यांची जमात आज ओक्लाहोमात आहे. नदीवर एकाला एक जोडलेले बार्ज मका आणि सोयाबीन घेऊन खाली जात होते. हॅव्हानाजवळ एमिक्वॉनला आम्ही थांबलो. नदीकाठची तळी उपसून इथं कित्येक दशकं मका पिकवला गेला. २००० मध्ये नेचर कन्झर्व्हन्सी या संस्थेनं ते शेत विकत घेतलं आणि २००७ मध्ये पाणी उपसणारे पंप बंद केले. तळं आपोआप परतलं, त्यामागं बदकं, करकोचे, कासवं. पाणी परत आणायला काय करावं लागलं, तर पंपाचं बटण बंद करावं लागलं.

याच पट्ट्यात नदीत दुसरे परदेशी आहेत. चंदेरा मासा, आपल्या शेततळ्यांत सोडतात तो. १९७० च्या दशकात तळी स्वच्छ ठेवायला म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेत आणला, पुरात सुटला आणि इलिनॉयमध्ये माजला. होडीच्या इंजिनचा आवाज झाला की तो पाण्याबाहेर उंच उड्या मारतो, माणसांच्या तोंडावर आदळतो. बाथ नावाच्या गावात उडते मासे जाळ्यात झेलायची जत्राच भरते. काटे फार म्हणून इथले लोक तो फारसा खात नाहीत. माईंना ही गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एकच विचारलं, ‘‘फुकट उड्या मारतोय आणि कुणी कालवण करंना?’’

शेवटचा मुक्काम ग्राफ्टनचा. इलिनॉय आणि मिसिसिपी भेटतात त्याच्या जरा वर, कड्यांवर, ८,००० एकरांचं पिअर मार्क्वेट स्टेट पार्क आहे. त्यातलं दगडी विश्रामगृह म्हणजे एका मंदीची आठवण. १९३३ मध्ये रूझवेल्टनं बेकार तरुणांसाठी सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर ही योजना काढली. महिन्याला ३० डॉलर पगार, त्यांतले बहुतेक २५ थेट घरी. या पोरांनी देशभर जंगलं लावली, वाटा पाडल्या, स्टार्व्ह्ड रॉकचं आणि इथलं विश्रामगृह बांधलं. आतल्या शेकोटीची चूल सुमारे ७०० टन वजनाची, छताला भिडलेली. तिच्यासमोर माणसाच्या कमरेएवढ्या सोंगट्यांचा बुद्धिबळाचा पट. मुलं उंट उचलून नाचवत होती.

माईंचं माहेर माणदेशातलं. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली आहे, सुकडी खाल्ली आहे. त्या दुष्काळानंच आपली रोजगार हमी योजना वाढवली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. कामाचा हक्क कायद्यानं देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य, ही काही लहान गोष्ट नाही. माईंनी त्या चुलीच्या दगडावर हात ठेवला आणि म्हणाल्या, ‘‘आमच्या खडीचा रस्ता झाला. रस्ता चांगलाच की. पण फोडणाऱ्यानं म्हातारपणी येऊन टेकावं, अशी जागा कुणी केली न्हाई.’’ यावर मला काही बोलता आलं नाही.

संध्याकाळी ग्राफ्टनमध्ये नदीकाठी मक्याच्या पिठात घोळून तळलेला मांजरमासा खाल्ला. माईंना तो आवडला, फक्त तिखट हवं होतं. बाहेर रस्त्याच्या खालच्या अंगाला मोकळी गवताळ जमीन दिसत होती. तिथं पूर्वी घरं होती. १९९३ च्या महापुरात दोन्ही नद्या गावात आल्या, महिनोन्‌महिने पाणी हटलं नाही. नंतर सरकारनं बरीच घरं विकत घेऊन पाडली आणि लोक टेकडीवर राहायला गेले. जमीन नदीला दिली, आणि नदी उतरली की ती गावाची. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर पाण्याखाली गेलं तेव्हा माईंच्या घराच्या उंबऱ्याशीही पाणी आलं होतं. तिथं पाणी ओसरल्यावर आपण काय केलं, तर भिंती रंगवल्या.

या सगळ्या वाटेवर मला एक गोष्ट स्पष्ट दिसली. इथलं एकही उद्यान अस्पर्श निसर्ग नाही. एक सोडून दिलेली खाण आहे, एक बंद पडलेला कालवा, एक कारखानदाराची बाग, एक विश्रामस्थळ, एक उपसलेलं शेत. त्या सगळ्याखाली हिसकावलेली जमीन आहे. पण ज्या ज्या वेळी नदीकाठचा एखादा तुकडा मोकळा झाला, त्या त्या वेळी कुणीतरी तो पुन्हा विकू दिला नाही. आपल्याकडंही हे झालेलं आहे. वाईचे घाट कुणी फायद्यासाठी बांधले नव्हते, आणि कृष्णाबाईच्या उत्सवात जेवायला बसणाऱ्याला कुणी तिकीट विचारत नाही. फरक इतकाच की आपली ही परंपरा घाटाच्या शेवटच्या पायरीपाशी थांबली, आणि पुढच्या काठावर भराव पडत गेला.

म्हणून वाचणाऱ्याला एक विनंती. आपल्या गावाच्या नदीची पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. निळी रेषा पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची. त्या रेषांचा नकाशा नगरपालिकेत जाऊन मागा आणि बघा. निळ्या रेषेच्या आत जिथं अजून इमारत उभी नाही, तिथं ती उभी राहण्याआधी बाग मागा. बाकं, सावलीची झाडं आणि चार चुली एवढं पुरे. पुराच्या वर्षी ती बाग बुडेल. बुडू द्या. पाणी ओसरल्यावर ती झाडून घेता येते.